यादी वीसची, वाचून झाली तीन

गेल्या दीडेक महिन्यात या सदराकडे जी पत्रं आणि मेल आलेत त्यातली निम्मीअधिक एकाच गोष्टीबद्दल आहेत, ती म्हणजे ऑनलाइन ग्रुपवरची वाचनाची चॅलेंजेस. कुणाचं समर चॅलेंज, कुणाचं पावसाळी, एका ग्रुपचं तर चक्क चातुर्मासाचं. म्हटलं यावेळी दुसरं काही नकोच, हेच घेऊ. पत्रं थोडी कापलीत, नावं काढलीत.

प्रश्न : ताई, मी नाशिकला बँकेत आहे, वय ४१. मैत्रिणीनं मे महिन्यात एका ग्रुपवर अ‍ॅड केलं, तिथे '२० बुक्स ऑफ समर' चालू आहे, १ जून ते ३१ ऑगस्ट, वीस पुस्तकं. मी उत्साहात यादी टाकली, पुस्तकांची चळत लावून फोटोबिटो काढला आणि आज १० जुलैला माझी तीन झालीत, त्यातलं एक तर नव्वद पानांचं. मुलीची दहावी सुरू झालीये, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ग्रुपवर रोज कुणीतरी "आज सातवं संपलं" लिहितं आणि मला पुस्तक उघडायच्या आधीच टेन्शन येतं. गुपचूप एक्झिट व्हावं का?

उत्तर : होऊ नका. आधी हे चॅलेंज आलंय कुठून ते बघा. उत्तर आयर्लंडमधल्या एका वाचणाऱ्या बाईंनी २०१४ मध्ये ते सुरू केलं, घरात न वाचलेली पुस्तकं मोजली तर त्यांच्याकडे ७४६ भरली होती, ती थोडी हातावेगळी व्हावीत एवढाच हेतू. तिकडे जून-जुलै-ऑगस्ट म्हणजे उन्हाळा, शाळांना सुट्ट्या, ऑफिसातले लोक आठ-पंधरा दिवस समुद्रावर जाऊन पडणार, रात्री नऊ-दहापर्यंत उजेड. आणि आपल्याकडे? जून म्हणजे शाळेची वह्यापुस्तकं, रेनकोट, ट्यूशनच्या फिया, ज्यांची शेती आहे त्यांच्या पेरण्या, मग आषाढी, मग श्रावणातले सणवार आणि संपत नाही तोवर गणपती. म्हणजे त्यांच्या सगळ्यात निवांत महिन्यांचं टार्गेट तुम्ही तुमच्या सगळ्यात धावपळीच्या महिन्यांवर चिकटवलंत, मग तीन झाली यात नवल काय? मला तर तीन झाली हेच भारी वाटतंय.

दुसरं म्हणजे मूळ चॅलेंजमध्ये वीसची सक्ती नाहीचे. दहा घ्या, पंधरा घ्या, वीस घ्या. यादी मध्येच बदलली तरी चालते, एखादं पुस्तक आवडलं नाही तर काढून दुसरं घाला, कुणी विचारत नाही. आपल्याकडच्या ग्रुपांवर आलं की त्याचं का कोण जाणे बोर्डाची परीक्षा होते.

आता जरा हिशोब करू, तुम्ही बँकेतल्या आहात म्हणजे तुम्हाला आवडेल. पुस्तकं सरासरी दोनशे पानांची धरली तर वीसची झाली चार हजार पानं, दिवस ९२, म्हणजे रोज ४३-४४ पानं, एकही दिवस खाडा नाही. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा ४४. हे जमणारं नव्हतंच. टार्गेट दहावर आणलंत तर सात उरली, १४०० पानं, ११ जुलैपासून ५२ दिवस, रोज २७ पानं. तुम्हाला अर्ध्या तासात किती पानं होतात ते दोन-तीन दिवस मोबाइलवर टायमर लावून बघा, दिवाळी अंकातली कथा आणि एखादं वैचारिक पुस्तक दोन्ही मोजा, आकडे एकदम वेगळे येतात. त्या आकड्यावरून ठरवा दहा की आठ. आठ आले तर आठ.

आणि रोज सारखंच वाचायचं हा हट्ट सोडा. आपल्याकडे ठरलेल्या दिवसांत ग्रंथ संपवायची पद्धत काही नवीन नाही, गुरुचरित्राचा सप्ताह आजही घरोघरी होतो. त्याचा एक प्रचलित क्रम बघा, पहिल्या दिवशी ९ अध्याय, दुसऱ्या दिवशी १० ते २१, तिसऱ्या दिवशी २९ पर्यंत, चौथ्या दिवशी ३५ पर्यंत, आणि पाचव्या दिवशी फक्त तीन, ३६ ते ३८. सातानं भागून समान वाटे केलेले नाहीत कारण ३६वा अध्याय केवढा लांबलचक आहे हे ज्यानं क्रम लावला त्याला माहीत होतं. तुमची यादीही तशीच लावा, बँकेत जास्त काम असेल त्या आठवड्यात कवितासंग्रह किंवा एकांकिका, जोडून सुट्टी आली की जाडं पुस्तक. बारीक पुस्तक वाचणं म्हणजे चीटिंग असं कुणी म्हणालं तर त्याला नव्वद पानांचा एखादा चांगला कवितासंग्रह नीट वाचायला द्या आणि किती दिवस लागतात ते बघा.

ग्रुपवर एकच ओळ टाका, "माझं टार्गेट आता दहा, सध्या चौथं चालू." सॉरी नको, मुलीची दहावी नको, सासूबाईंचा डोळा नको. बघा, तासाभरात अजून चारजणी लिहितील की माझंपण दहाच.

प्रश्न : ऑडिओबुक ऐकलं तर 'वाचलं' म्हणून धरायचं का? आमच्या ग्रुपवर यावरून दोन तट पडलेत, अ‍ॅडमिन कंटाळून गप्प बसलाय. (पुणे)

उत्तर : पुण्यात दोनच तट पडले? असो. धरायचं. वाड्यात एकजण पोथी वाचायचा आणि बाकीचे दहाजण ऐकायचे, त्या दहांनी पोथी केली नाही असं कुणी म्हटलेलं नाही. शिवाय ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांचा रोजचा दोन-अडीच तास लोकलमध्ये लोंबकळण्यात जातो त्यांनी काय करायचं? फक्त यादीत पुस्तकापुढे 'ऐकलं' असं लिहा म्हणजे दुसऱ्याला कळतं की निवेदक कसा आहे हे तुम्हाला विचारता येईल. दुप्पट स्पीडवर, भाजी चिरता चिरता, मध्येच तीन फोन घेऊन ऐकलेलं धरायचं का, हे मात्र तुमचं तुम्ही ठरवा, ते मी सांगणार नाही.

प्रश्न : मी सांगलीचा, निवृत्त शिक्षक. आमच्या समूहात एक गृहस्थ रोज ३०० पृष्ठे वाचल्याचे लिहितात. हे शक्य आहे काय? दुसरे असे की कोणी काही लिहिले की खाली फक्त अंगठे आणि फुले येतात. पुस्तकाविषयी कोणी बोलतच नाही. मग समूह कशासाठी?

उत्तर : सर, पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पानाला दोन मिनिटं धरली तर ३०० पानांना दहा तास. निवृत्त माणूस, घरात दुसरी जबाबदारी नाही, टीव्ही बघत नाही, तर एखाद्या दिवशी होऊ शकतं. रोज? मला शंका आहे. पण तुम्ही त्यांची वही तपासू नका, सवय असली तरी. त्यांनी खरं सांगितलं की खोटं यानं तुमचं एकही पान कमी-जास्त होत नाही.

दुसरा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो नुसता तुमच्या समूहाचा नाही. आकडा टाकला की त्याला उत्तर अंगठाच येणार, "बारावं पूर्ण" यावर माणूस बोलणार तरी काय? बोलायला काहीतरी हातात द्यावं लागतं. तुम्ही स्वतःपासून सुरू करा, पुस्तक संपलं की आकड्याबरोबर एक परिच्छेद टाइप करून टाका, फोटो नको, टाइपच करा कारण टाइप करताना तो परिच्छेद आपण परत वाचतो, आणि खाली एक प्रश्न. "कसं वाटलं?" हा प्रश्न नको, त्याला "छान" हेच उत्तर येतं. विचारा की हा माणूस घर सोडून गेला ते तुम्हाला पटलं का, किंवा शेवटची वीस पानं नसती तर चाललं असतं का, किंवा ही बोली तुमच्या भागातली आहे का, आमच्याकडे या शब्दाला दुसरं म्हणतात. बोलीवर लोक हमखास बोलतात, सांगली-कोल्हापूरकडचे तर थांबत नाहीत.

अजून एक. दोनशे जणांत कुणीच बोलत नाही, चारजणांत बोलतात. त्यातले तीन-चार समविचारी शोधा, खरं तर एखादा विरोधी विचाराचाही घ्या, आणि एकच पुस्तक सगळ्यांनी एकाच वेळी वाचायचं ठरवा, आठवड्याला ठरावीक प्रकरणं. मेसेजच्या सुरुवातीला प्रकरणाचा आकडा लिहायचा म्हणजे मागे राहिलेला माणूस तो मेसेज उघडत नाही आणि कुणाचा रसभंग होत नाही. कुणाला पुढे वाचल्याशिवाय राहवतच नसेल तर वाचू दे, पण तोंड बंद. दर रविवारी संध्याकाळी अर्धा तास फोनवर बोला. आणि त्या तीनशे पानवाल्या गृहस्थांना त्यात जरूर घ्या, तीनशेतलं एखादं पान तरी त्यांना तुमच्याशी बोलायला थांबावंच लागेल.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर चॅलेंजसाठी पुस्तकांच्या पीडीएफ टाकतात, स्कॅन केलेल्या. मी लातूरला हॉस्टेलला आहे, पुस्तकं विकत घेणं परवडत नाही. वाचलं तर काय बिघडलं? सगळेच वाचतात.

उत्तर : तुझी अडचण कळते गं, चारशे-पाचशे रुपयांचं पुस्तक म्हणजे मेसचे कितीतरी दिवस. पण बिघडतं. मराठी पुस्तकाची आवृत्ती किती छोटी असते ते बघ, हजाराच्या आसपास, कधी त्याहून कमी, आणि तीसुद्धा खपायला वर्षं जातात. पाच हजारांच्या ग्रुपवर एक पीडीएफ फिरली की प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीचा विचारच सोडून देतो.

कायद्याचं थोडं समजून घे, म्हणजे काय चालतं तेही कळेल. भारतात लेखक गेल्यावर पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. साने गुरुजी गेले १९५० मध्ये, त्यामुळे २०१० संपल्यावर त्यांचं लेखन सगळ्यांसाठी मोकळं झालं, हरिभाऊ आपटे गेले १९१९ मध्ये, ते तर केव्हाच. पु. लं.चं मात्र २०६० संपेपर्यंत नाही. अनुवादाला अनुवादकाचा वेगळा हक्क असतो बरं का, मूळ लेखक दोनशे वर्षांपूर्वी गेला म्हणून कालचा मराठी अनुवाद फुकट होत नाही, इथेच सगळे गंडतात.

मोकळं झालेलं बरंच काही मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात मिळतं, ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीनं ई-पुस्तकं फुकट देतं, ती बिंधास्त वाच आणि ग्रुपवर टाक. आणि सगळ्यात आधी कॉलेजच्या लायब्ररीत जा, मग गावातल्या वाचनालयात. महिन्याची फी एका पिझ्झापेक्षा कमी असते आणि तिथल्या काकांशी ओळख झाली की ते तुझ्यासाठी पुस्तक बाजूला काढून ठेवतात. चॅलेंजची यादी आधी करून मग पुस्तकं शोधण्यापेक्षा वाचनालयात काय आहे ते बघून यादी कर, निम्मा त्रास वाचेल. अ‍ॅडमिनला मेसेज करायचं धाडस होत नसेल तर नको करू, फक्त तू पुढे पाठवू नकोस.

प्रश्न : २४ तासांच्या वाचन मॅरेथॉनबद्दल ऐकलं. रात्रभर जागायचं असतं का? (अकोला)

उत्तर : अजिबात नाही. तुम्ही बहुतेक ड्युईज रीडथॉनबद्दल ऐकलंय, ड्युई या नावानं लिहिणाऱ्या बाईंनी ते २००७ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू केलं, पुढच्याच वर्षी त्या वारल्या, आणि मग इतरांनी त्यांच्या नावानं चालू ठेवलं. जगभर एकाच क्षणाला सुरू करायची त्यांची पद्धत, न्यूयॉर्कला सकाळचे आठ म्हणजे त्या ऋतूत आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. तिकडचे फ्रेश होऊन बसणार आणि आपण ऑफिसातून दमून आलेले! जमेल तेवढे तास वाचायचं, बाकी झोपायचं. बीपी-शुगरची गोळी चालू असेल तर जागरण नकोच. मित्रमंडळींचं करायचं असेल तर शनिवारी सकाळी सहा ते रात्री दहा ठेवा, आणि जेवण बाहेरून मागवा, नाहीतर घरातली बाई वाचायचीच राहते.

प्रश्न : आम्ही मेलबर्नला असतो. मुलगा ९ वर्षांचा, इथे शाळेतून प्रीमियर्स रीडिंग चॅलेंज असतं त्यात तो इंग्रजी भरपूर वाचतो. आमच्या मराठी पालकांच्या ग्रुपनं मराठी पुस्तकांचं चॅलेंज काढलं, मी त्याला पुस्तकामागे ५ डॉलर कबूल केले. पहिली चार पुस्तकं धडाधड झाली, आता तो सगळ्यात कमी पानांचं पुस्तक शोधत बसतो. काय करू?

उत्तर : तो हुशार आहे, दुसरं काही झालेलं नाही. पानागणिक पैसे दिले असते तर त्यानं जाडी पुस्तकं घेऊन चित्रं बघितली असती.

यावर एक जुना आणि गाजलेला प्रयोग आहे, १९७३ चा, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मनापासून आवडायचं अशी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल, काहींना न सांगता अचानक दिलं, काहींना काहीच नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी तीच पेनं पुन्हा वर्गात ठेवली तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं त्यांच्याशी बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ खेळली. ज्यांना अचानक मिळालं त्यांचं काहीच कमी झालं नाही. म्हणजे बक्षीस वाईट नाही, आधी ठरलेला सौदा वाईट. आणि हेही लक्षात घ्या की ती मुलं आवडीनं चित्रं काढणारी होती, तुमच्या मुलाला मराठी वाचायला मुळात आवडतं की जड जातं हे तुम्ही लिहिलं नाहीये. जड जात असेल तर सुरुवातीला थोडं आमिष चालतं, पण पैशाचं नको.

पैसे एकदम बंद करून टाकू नका, कबूल केलंय ते या चॅलेंजपुरतं द्या, नाहीतर तुमच्या शब्दाचं काय. पुढच्या वेळी पुस्तकं मोजू नका, रोज रात्री पंधरा मिनिटं मोजा, आणि त्यातली निम्मी तुम्ही वाचा. जोडाक्षरांवर अडखळला की लगेच सांगून टाका, तिथे शिकवणी सुरू करू नका. एवढी इंग्रजी वाचणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला मराठीत सहा वर्षांच्या मुलाचं पुस्तक द्यावं लागतं आणि त्यात ससा-कासव असतात, त्याला ते बोअर होतं, खरी अडचण बऱ्याचदा ही असते. म्हणून विज्ञान, क्रिकेट, किल्ले, भुतं असं त्याच्या वयाचं पण सोप्या वाक्यांचं शोधा. कॉमिक्स चालतील. आजी-आजोबा पुण्या-मुंबईत असतील तर व्हिडिओ कॉलवर एक पान त्यानं, एक पान आजोबांनी. आणि ग्रुपवर मुलांचे आकडे टाकणं आईबाबांनी बंद करा, ते चॅलेंज मग मुलांचं राहत नाही.

हो, आणि तुमच्याकडे जून-जुलै म्हणजे थंडी. भारतातल्या मे महिन्याच्या सुट्टीचं चॅलेंज तुमच्या ग्रुपनं तसंच उचललं असेल तर ते डिसेंबर-जानेवारीत न्या, मुलांना तेव्हा मोठी सुट्टी असते.

प्रश्न : आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचा आणि जुन्या ऑफिसचा मिळून वाचनाचा ग्रुप आहे, साठेक जण. यंदा दिवाळी अंकांचं चॅलेंज करावं असं माझ्या मनात आहे पण दोघातिघांचं म्हणणं की अंक म्हणजे काही पुस्तक नव्हे. कसं आखावं?

उत्तर : करा, करा! ऋतूप्रमाणे वाचायची खास आपली म्हणावी अशी पद्धत हीच. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस दिवाळीच्या सुमारास एकदम भरपूर वाचतोय, आणि आज पुस्तकात असलेल्या कितीतरी कथा-कादंबऱ्या आधी अंकातच आल्या होत्या. ज्यांना अंक पुस्तक वाटत नाही त्यांना सांगा की मग तुम्ही पुस्तकंच वाचा, आम्ही आहोतच.

फक्त पूर्ण अंक मोजू नका. दोनशे-अडीचशे पानांचा अंक पहिल्या पानापासून जाहिरातींसकट शेवटच्या राशिभविष्यापर्यंत कुणीच वाचत नाही. एका अंकातली एक कथा, एक लेख आणि एक कविता एवढं झालं की तो अंक झाला असं धरा. कविता ठेवाच, नाहीतर सगळे ती ओलांडून पुढे जातात. साठ जणांसाठी बिंगोसारखा घरांचा तक्ता करून टाका, प्रत्येक घरात वाचायचा एक प्रकार, पंचवीस नको, नऊ घरं पुरेत : जिल्ह्याच्या गावातून निघणारा अंक, मुलांचा अंक, विनोदी, नुसत्या कथांचा, एकाच विषयावरचा, ज्या लेखकाचं नावही ऐकलं नाही त्याची कथा, अनुवादित काहीतरी, रद्दीवाल्याकडून किंवा माळ्यावरून काढलेला वीसेक वर्षांपूर्वीचा अंक, आणि नवव्या घरात ज्याला जे आवडेल ते. जुन्या अंकाचं घर सगळ्यात रंगतं, त्यातल्या जाहिरातींवरच आठवडाभर गप्पा होतात.

मुदत संक्रांतीपर्यंत द्या. दिवाळीच्या चार दिवसांत फराळ आणि पाहुणे यातून कुणाला वेळ मिळतो, खरं वाचन नंतर होतं. सुरुवातीला १५ ऑक्टोबर धरता येईल, डॉ. कलामांची जयंती, राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून असतोच, आणि अंकही त्या सुमारास यायला लागतात.

खर्चाचं असं की प्रत्येकानं चार-पाच अंक विकत घेण्यापेक्षा एकेक घ्या आणि फिरवा, साठ जणांचे साठ अंक होतील, कुणी कुठला घेतला ते आधी ग्रुपवर लिहा नाहीतर एकाच अंकाच्या पंधरा प्रती जमतात. सोसायटीतले हातोहात, ऑफिसवाले लांब राहत असतील तर महिन्यातून एकदा स्टेशनजवळ भेटून अदलाबदल, कुरिअरच्या भानगडीत पडू नका. कुठला अंक कोणाकडे आहे याची एक एक्सेल शीट लागेल, आणि ती सांभाळायला एक खमका माणूस, जो "अंक परत द्या" असं स्पष्ट सांगू शकेल. शिवाय बऱ्याच वाचनालयांची दिवाळी अंकांची वेगळी योजना असते, एकदा वर्गणी भरली की ठरावीक मुदतीत रोज अंक बदलून नेता येतो. तिथे नाव मात्र लवकर नोंदवा, धनत्रयोदशीपर्यंत थांबलात तर चांगले अंक आधीच फिरायला गेलेले असतात आणि तुमच्या वाट्याला नुसते भविष्याचे उरतात.